वाचून दाखवले, समजले, कबूल

संचिताला त्या शिबिरातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक, जर्नलवर सही. दोन शिबिरं केल्याशिवाय प्रॅक्टिकल ट्रेनिंगच्या जर्नलवर सही होत नव्हती, आणि सही नसेल तर एलएल.बी.चं शेवटचं वर्ष तिथेच अडकत होतं. दोन, शिक्क्याचं प्रमाणपत्र. जेसल पार्कातल्या वन रूम किचनमध्ये ते लावायला भिंत उरलेली नव्हती, पण तिच्या आईनं, सुलूनं, गेल्या वर्षीचं कॅलेंडर उतरवून एक खिळा आत्तापासूनच मोकळा ठेवला होता. तीन, आणि खरं बोलायचं तर हेच पहिलं, कॉलेजात ड्राफ्टिंग शिकवणाऱ्या वकील जितेंद्र सरांच्या चेंबरमधलं खिडकीजवळचं टेबल.

त्या टेबलावर बसणारी ज्युनिअर लग्न होऊन वसईला गेली, तेव्हापासून ते रिकामं होतं. शेवटच्या वर्षातल्या किमान पाच जणांनी त्यावर मनातल्या मनात बॅग ठेवून पाहिली होती. ज्यांच्या घरात आधीच एक वकील आहे त्यांना टेबल मागावं लागत नाही, ते बापाच्याच टेबलाला खुर्ची लावतात. संचिताचा बाप, बाबाजी, लांज्याहून येऊन भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशवर लागला होता. त्यांच्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलं नव्हतं, आरोपी म्हणूनसुद्धा नाही.

भांडवल म्हणाल तर तिच्याकडे एकच होतं: अक्षर. कॉलेजात निम्मी मुलं गुजराती आणि हिंदी घरांतली. उरलेल्या मराठी मुलांतली बरीचशी इंग्रजी माध्यमातली, मराठी लिहायची वेळ आली की पेन झटकून बघणारी. त्यात संचिताचं अक्षर म्हणजे छापील. वेलांटी कुठे सुरू होऊन कुठे संपते ते दिसायचं. जितेंद्र सरांनी ते पहिल्या वर्षीच हेरलं.

सर उदार होते, यात शंका नको. आपले जुने बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कलमांची कायद्याची पुस्तकं, त्यांनी तिला अशीच देऊन टाकली होती. अर्ज कसा लिहायचा ते शेजारी बसवून शिकवलं होतं. "अर्जात रडायचं नाही. नाव, तारीख, मागणी. रडायला साक्षीदार असतात." ठाण्याच्या कोर्टात तिला मागच्या खुर्चीवर बसवून घेतलं होतं, आणि "ही पुढची ज्युनिअर" अशी शिरस्तेदाराला ओळखही करून दिली होती. एवढं कोण कुणासाठी करतं? फक्त एक होतं. आपला उदारपणा कुठे कुठे ठेवलाय, हे सरांच्या पक्कं लक्षात राहायचं.

डिसेंबर २००६ मध्ये कॉलेजनं मोरवा गावात कायदेविषयक शिबिर घ्यायचं ठरवलं. मुख्य काम वारस नोंदीचं. बाप वारला, पण सातबारावर नाव त्याचंच, अशी गावात रांगच्या रांग होती. शिबिरात अर्ज आणि वारसांचे जबाब करून घ्यायचे आणि एकगठ्ठा तलाठ्याकडे द्यायचे, अशी योजना. शिबिराच्या आधीच्या आठवड्यात सरांनी संचिताच्या हातात सत्तर कागद ठेवले. कचेरीत चालतो तो हिरवट लेजर पेपर, कोरा.

"वर टायपिस्ट मजकूर टाकेल," सर म्हणाले. "तू फक्त खालचा शेरा लिहून ठेव. तिकडे गर्दी झाली की लोक मानेवर बसतात. आणि तुझ्यासारखं अक्षर मी कुठून आणू?"

शेरा असा: ‘वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मला समजला व कबूल आहे.’ त्याखाली अंगठ्यापुरती जागा. त्याच्याखाली ‘वाचून दाखवणार’, आणि संचिताची सही.

ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याला या एका ओळीमुळे वजन येतं. ही ओळ नसेल तर तो नुसता शाईचा डाग. हे संचिताला पाठ होतं. परीक्षेत पाच मार्कांना आलंही होतं. तरी तिनं लायब्ररीत बसून तीन दिवसांत सत्तर वेळा ती ओळ लिहिली आणि सत्तर सह्या केल्या. चाळिसाव्या कागदाच्या सुमारास अथर्व येऊन टेबलावर टेकला. सिल्व्हर पार्कातला, बाप बँकेत मॅनेजर, इंग्रजीत वादविवादाचे दोन कप मिळवलेला.

"काय कारकून, सरकारी नोकरी लागली वाटतं?"

"तुला लिहिता येत नाही म्हणून माझ्यावर आलंय. ‘समजला’ लिहून दाखव बरं."

"मला काय समजलंय गं? उगाच कशाला लिहू?"

दोघं हसले. पलीकडच्या कपाटाशी मनोरमा मॅडम उभ्या होत्या. त्या पुराव्याचा कायदा शिकवायच्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि सगळ्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध एक ओळ कुणी लिहिलेली नव्हती. त्यांनी वरचा कागद उचलून चष्म्याजवळ धरला.

"वरचा मजकूर कुठाय?"

"टायपिस्ट टाकणार आहे, मॅडम."

"हं," म्हणाल्या आणि कागद होता तसाच, कडा जुळवून, परत ठेवला. तासाची वेळ झाली होती.

शिबिर रविवारी झालं, मोरव्यातल्या देवळाच्या मंडपात. मागे मिठागरं, पुढे गाव, आणि मधल्या शेतांच्या कडेला कुणाच्या तरी बांधकामाचे पत्रे आधीच उभे. सरांनी भाषण चांगलं केलं. गेल्या वर्षी कायदा बदलला, आता बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीलाही लेकाइतकाच हक्क, हे त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मागे बसलेल्या बायकांनी पदर सारखे केले. पुढे बसलेल्या भावांपैकी एकही दचकला नाही. भाऊ दचकले नाहीत, तेव्हाच कुणाला तरी काही वाटायला हवं होतं. कुणाला वाटलं नाही. चहा आला.

मग जबाबांची रांग लागली. संचिता टेबलाशी. नाव पुकारायचं, गठ्ठ्यातून त्या नावाचा कागद काढायचा, अंगठा शाईत दाबायचा आणि ठरल्या जागी उमटवायचा. वरचा मजकूर आता छापून आलेला होता, दाट ओळींत. पहिले दोन-तीन तिनं खरंच वाचून दाखवले. ते पुरुषांचे होते आणि त्यांत तक्रारीचं काही नव्हतं. चौथ्याला रांगेतून आवाज आला, "ओ मॅडम, आज घरी जायाचा हाय का न्हाय?" सर लांबून हसून म्हणाले, "संचिता, जरा पटपट."

साधारण तिसावा नंबर गोदूबाईचा होता. साठीची, विधवा, लग्न गावातल्या गावातच झालेलं. बाप नाथा दोन वर्षांपूर्वी वारलेला. धाकू आणि उत्तम हे दोघे भाऊ मागे उभे.

"पोरी, यात काय लिवलाय?"

संचिताची नजर कागदावरून फिरली. वर ठळक अक्षरांत ‘वारसाचा जबाब’. खाली कुठेतरी मध्येच तिला एक शब्द दिसला: ‘राजीखुशीने’. कायद्याच्या कागदांत हा शब्द मिळवणाऱ्याच्या बाजूनं कधी येत नाही. जो काही देऊन टाकतो त्याच्याच तोंडी तो घालतात. हेही सरांनीच शिकवलं होतं, हसत हसत, ड्राफ्टिंगच्या तासाला. संचिता तिथे थांबली. थांबली म्हणजे किती, तर गोदूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा करेपर्यंत. मागे तीसेक माणसं होती, आणि सर बघत होते.

"तुमच्या हक्काचा कागद आहे, मावशी."

"हक्काचा ना? मंग लाव आंगठा."

शब्द खोटा नव्हता. कागद हक्काचाच होता. फक्त हक्क येतोय की जातोय, एवढं सांगायचं राहिलं.

फेब्रुवारीत एका दुपारी गोदूबाई कॉलेजच्या गेटवर आली. वॉचमन म्हणाला, "माताजी, ॲडमिशन बंद है." ती म्हणाली, "मना न्हाय शिकायचा. ती साजऱ्या अक्षराची पोरगी कुठं हाय?" एवढ्या वर्णनावर तिला थेट लायब्ररीत आणून सोडलं गेलं.

तिच्या हातात तलाठ्याची नोटीस होती. संचितानं ती वाचली, आणि या वेळी मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मयत नाथा यांच्या वारसांपैकी मुलगी गोदूबाई हिने मिळकतीतील आपला हक्क राजीखुशीने बंधूंच्या लाभात सोडल्याचा जबाब दिल्याने तिचे नाव वगळून मुलगे धाकू व उत्तम यांची नावे दाखल करण्यात येत आहेत. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

"मी सोडला?" गोदूबाई म्हणाली. "कंधी?"

संचितानं नोटिशीची घडी केली.

"तूच बोलली व्हतीस ना, हक्काचा कागूद हाय म्हणून? मना जमिनीचा काय करायचा हाय, पोरी. पन नाथाची पोरगी म्हणून माझा नाव पायजे त्या कागदाव. दोन भाव, एक बहीण. तिघांचा बाप एकच ना?"

असा नुसता जबाब दिवाणी कोर्टात टिकत नाही, हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, हे संचिताला माहीत होतं. पण फेरफाराला, म्हणजे सातबारावरचं नाव बदलायला, तो टिकतो. सातबारावर नाव एकदा उतरलं की भाऊ विकायला मोकळे, बिल्डर घ्यायला मोकळा, आणि बहीण पंधरा वर्षं तारखा घ्यायला मोकळी. तिनं एक कोरा कागद ओढला आणि तिथेच हरकतीचा अर्ज लिहिला. नाव, तारीख, मागणी. शेवटी एक वाक्य आपणहून घातलं: सदर जबाब मला वाचून दाखवण्यात आलेला नाही. मग अर्ज वाचून दाखवला, दोनदा. गोदूबाईनं अंगठा दिला आणि विचारलं, "ह्यो तरी माझ्या बाजूचा हाय ना?"

अर्ज तलाठी कार्यालयात पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. इतक्या लवकर निरोप येतो, याचाच अर्थ संचितानं लावायला हवा होता. तिनं तो चेंबरच्या दारात पोचल्यावर लावला. धाकू बाहेरच्या बाकावर बसला होता.

सर रागावले नाहीत. तिला बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"हरकतीचा अर्ज छान लिहिलायस," ते म्हणाले. "एकही शब्द जास्तीचा नाही. मी बघताक्षणी ओळखलं, आपल्याकडचं शिक्षण आहे."

"सर, त्या बाईंना माहीतच नव्हतं."

"बहिणी नेहमीच असं म्हणतात, संचिता. भावानं चोळी नाही केली की म्हणतात. मग दिवाळी आली की विसरतात. तू नवीन आहेस, मी वीस वर्षं बघतोय." त्यांनी टाचण्यांची डबी सरळ केली. "तलाठ्याच्या वर सर्कलसाहेब, त्यांच्यापुढे सुनावणी लागेल. तुला बोलावतील, कारण सही तुझी आहे. विचारतील, वाचून दाखवलं होतं का? तू काय सांगशील?"

उत्तरही सरांनीच दिलं.

"आठवत नाही, असं सांगायचं. आणि हे खोटं नाही. एका दिवसात साठ अंगठे घेतलेस तू. एकेक कुठून आठवणार?"

"मला आठवतंय, सर."

"मग दुसरं ऐक." आवाज तसाच मऊ होता. "वाचून दाखवलं नाही म्हणालीस, तर वाचून दाखवलं असं सहीनिशी कुणी लिहिलं? मी? माझी सही त्या कागदावर कुठेच नाही. उद्या सनदेचा अर्ज करशील, तेव्हा हे प्रकरण फायलीत असेल. मला तुझी काळजी वाटते म्हणून बोलतोय. टेबल पुसून ठेवलंय तुझं."

टेबल खरंच पुसलेलं होतं. खिडकीतून पालिकेच्या बागेचा एक कोपरा दिसत होता.

तिथून ती मनोरमा मॅडमकडे गेली. स्टाफरूममध्ये त्या पेपर तपासत होत्या. संचितानं सगळं सांगितलं, ‘राजीखुशीने’ दिसलं होतं तेही. मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं.

"साक्षीदारानं खरं सांगावं. यात विचारायचं काय आहे?"

"तुम्ही याल का मॅडम, सुनावणीला? कागद कोरे होते, ते तुम्ही पाहिलं होतं."

मॅडमनी टोपण पुन्हा दाबून बसवलं. "मी एक कागद पाहिला. एकावरून सत्तरांचा निष्कर्ष काढता येत नाही." मग जरा हळू आवाजात, "आणि कॉलेजच्या परवानगीशिवाय मला साक्ष देता येणार नाही. परवानगी प्राचार्य देतात. प्राचार्य शिबिराचे अध्यक्ष होते."

मॅडमची तत्त्वं परीटघडीची होती, बाहेर नेली की चुरगळतील म्हणून त्या ती नेत नसत.

घरी बाबाजीनं सगळं ऐकून घेतलं. पॉलिशची काळी रेघ त्याच्या नखांत कायमची बसलेली होती, तीच तो दुसऱ्या नखानं काढत होता.

"सर बोलतायत तसंच बोल," तो म्हणाला. "सर वाईट माणूस नाय. तुला पुस्तकं दिली त्यांनी."

"पप्पा, त्या बाईचा हिस्सा जातोय."

"आणि तुझं वर्ष जाईल. तिचे भाऊ तरी आहेत. तुला कोण आहे?"

सुलू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मला कुणी विचारत नाही, पण मी सांगते. गावाला आमच्या बापाच्या जागेत माझं पण नाव नाहीये. तुझ्या मामानं सही मागितली, मी दिली. काय बिघडलं माझं?"

"वाचली होतीस?"

सुलूनं पोळी उलटली. "मामानं सांगितलं होतं, हक्काची सही आहे म्हणून," ती म्हणाली. मग तिनं विषय बदलला.

सुनावणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराला, तलाठी कार्यालयात होती. सर आले नाहीत. अथर्व आला होता, काळी फाइल काखेत. "मी फक्त बघायला आलोय," तो म्हणाला. "सर म्हणाले, बघून ये." तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता, म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं. गोदूबाई धाकूबरोबर एकाच रिक्षातून उतरली. अंगावर नवं लुगडं, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. संचितानं ते पाहिलं. कशाचं असेल म्हणून विचारायला पुढेही झाली, पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

सर्कलसाहेब थकलेला, बरा माणूस होता. त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले: शिबिरातला जबाब आणि हरकतीचा अर्ज.

"हे अक्षर तुझं?"

"हो."

"आणि हे?"

"माझंच."

"म्हणजे वाचून दाखवलं म्हणणारी तूच, आणि वाचून दाखवलेलं नाही म्हणणारीही तूच. कुठल्या संचितावर विश्वास ठेवू?"

तलाठी हसला. अथर्व खाली बघत होता.

"दुसऱ्या," संचिता म्हणाली. "जबाबावरचा शेरा मी शिबिराच्या आधी आठ दिवस लिहिला. कागद कोरे होते. वर काय येणार ते मला माहीत नव्हतं. शिबिरात मी बाईंना वाचून दाखवलं नाही. ‘राजीखुशीने’ हा शब्द मला दिसला होता. तो कशासाठी घालतात ते मला कळतं. तरी मी थांबले नाही. हक्काचा कागद आहे, असं सांगून मी त्यांचा अंगठा घेतला."

सर्कलनं मान वर केली. "कोरे कागद कुणी दिले?"

"जितेंद्र सरांनी."

"साक्षीदार कुणी?"

तिला मॅडमनी चष्म्याजवळ धरलेला कागद आठवला. "कुणी नाही."

तलाठ्यानं सगळं उतरवून घेतलं. तिनं ते स्वतः वाचलं आणि सही केली. हात हलका झाल्यासारखा वाटला तिला. हे सगळं इतकंच होतं होय, असंही क्षणभर वाटून गेलं. मग गोदूबाईला पुढे बोलावलं.

"बाई, ही मुलगी म्हणते, तुम्हाला कागद वाचून दाखवला नव्हता. बरोबर?"

गोदूबाई धाकूकडे बघत नव्हती, संचिताकडेही नाही. ती सर्कलच्या टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"वाचला व्हता," ती म्हणाली. "पोरीनं वाचला. मना समाजला."

"मावशी," संचिता म्हणाली.

"तुना याद न्हाय, पोरी. गर्दी किती व्हती तवा. तू वाचलास."

"मग ही हरकत?" सर्कलनं विचारलं.

"ती मी रागानं दिली व्हती. मी मागं घेते. माझ्या भावांचा नाव लावा."

सर्कल खुर्चीत मागे टेकला. "नोकरीत खूप खोटे साक्षीदार बघितले," तो तलाठ्याला म्हणाला. "आपण चूक केली म्हणणारी, आणि समोरचा म्हणतो केली नाहीस, असं पहिल्यांदा बघतोय." पण कायद्यानं त्याच्यापुढे आता वाद उरला नव्हता. तलाठ्यानं गोदूबाईचा नवा जबाब लिहिला, हक्क सोडल्याचा, आणि तो तिला ओळ न ओळ वाचून दाखवला. प्रत्येक ओळीला ती ‘हां’ म्हणाली. ‘राजीखुशीने’लाही म्हणाली. शिबिरात जो कागद खोटा होता, तो आता बारा वाजता सगळ्यांच्या देखत खरा झाला.

बाहेर धाकू रिक्षा बघायला गेला, तेवढ्यात गोदूबाई संचिताजवळ आली.

"उत्तमच्या पोरीचा लगीन हाय वैशाखात. हळदीला आत्या लागते. पहिली हळद आत्यानं लावायची, आमच्यात तशीच रीत हाय. हरकत दिली त्या दिसापास्नं धाकूच्या बायकोनं मना उंबऱ्यात पाय ठेवू दिला न्हाय. पोरगी येऊन रडली माझ्याकडं, आत्या, तू न्हाय तर कोन लावल." तिनं नव्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला. "जमीन घेऊन मी कोनाच्या दारात जाव?"

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, मावशी."

"काल सांगाया येनार व्हती. जमला न्हाय." मग जरा चिडून, "पन तू कसाला येवढा खरा बोललीस? गप ऱ्हायची व्हतीस. मी सांभाळला असता."

ती मनापासून बोलत होती. रिक्षा आली आणि ती गेली.

अथर्व पायऱ्यांवर रेंगाळत होता. "संचिता, मी काही..." एवढं म्हणाला. "निर्णयाची नक्कल मागून आण म्हणालेत सर."

"मग माग ना," ती म्हणाली.

ती मात्र आत परत गेली. तलाठ्याकडे तिनं फेरफाराची वही बघायला मागितली. तलाठी बोलका होता आणि जेवणाची वेळ व्हायची होती. "बघा की," म्हणाला, "तुमच्याच शिबिराचं पीक आहे. एका रविवारात दोन वर्षांचं काम झालं." शिबिरात एकूण एकसष्ट अंगठे झाले होते. त्यांतले बायकांचे एकोणीस. तिनं एकेक नोंद बोट ठेवून वाचली. गोदूबाईची आजची धरून एकोणीसच्या एकोणीस बायकांनी आपला हक्क राजीखुशीने सोडला होता. बाकी अठरांच्या नोटिशी बजावलेल्या होत्या, मुदत संपली होती, हरकत शून्य. बहुतेक नोटिशी भावांनीच घेतल्या होत्या. बहीण घरी नाही, असा शेरा.

"आता काय करता येईल?" तिनं विचारलं.

"त्यांनी अपील करावं. त्यांनी. तुम्ही नाही." त्यानं वही बंद केली. "आणि करतील त्या? आज बघितलंत ना."

नक्कल कॉलेजात पोचली. तीन जणांची समिती बसली. सरांनी आपण या प्रकरणात बसणं बरं दिसणार नाही म्हणून मोठ्या मनानं अंग काढून घेतलं, तेव्हा अध्यक्ष मनोरमा मॅडम झाल्या. त्यांनी लिहिलेला निर्णय निर्दोष होता: विद्यार्थिनीने वाचून न दाखवता तसा शेरा दिल्याचे स्वतः कबूल केले असल्याने शिबिर ग्राह्य धरता येत नाही. कोऱ्या कागदांबद्दल स्वतंत्र पुरावा नाही. संचिताला त्यांनी तो स्वतः, सावकाश, वाचून दाखवला. समजलं का, असंही विचारलं.

आता कुणी काय भरलं ते बघू. सरांनी काही भरलं नाही. पत्र्यांमागच्या त्या बांधकामाचं सगळं कागदोपत्री काम त्यांच्या चेंबरला आलं आणि शिबिराला विद्यापीठाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अथर्वनं भरलं नाही, तो खिडकीजवळ बसतो. सुरुवातीचे काही महिने तिकडे पाठ करून बसायचा, एवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं. मॅडम एकही ओळ विरुद्ध न जाता निवृत्त झाल्या. धाकू आणि उत्तम यांनी एक लुगडं भरलं. गोदूबाईनं बापाच्या जमिनीतला तिसरा भाग भरला आणि त्याच्या बदल्यात पुतणीच्या गालाला पहिली हळद लावली. तिला हा सौदा वाईट वाटत नाही, म्हणून तिच्यापुढे आपण आकडा मांडू नये. संचितानं एक वर्ष भरलं, सनदेच्या अर्जासोबत जन्मभर जोडायचा एक खुलासा भरला, आणि तिच्या बापानं पुढचं वर्षभर गाळ्यात कुणी पोरीची चौकशी केली की "चाललंय" एवढंच सांगितलं. उरल्या अठरा जणी. त्यांच्या अंगठ्यांखाली अक्षर संचिताचं आहे, भरलंय त्यांनी गोदूबाईइतकंच, आणि हळदीचं बोलावणं एकीलाही आलेलं नाही, कारण आपण काही सोडलंय हेच त्यांना अजून कुणी, संचितानंही, वाचून दाखवलेलं नाही.